पाटाच्या शेवटचे शेत : यकृतरोपण आणि मूत्रपिंड

यकृताच्या असाध्य विकाराने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना डॉक्टरांकडून काय जाणून घ्यायचे असते, तर कावीळ उतरली की नाही, पोटातले पाणी ओसरले की नाही, आणि नवे यकृत बसविण्याची तारीख केव्हा निघणार, एवढेच. परंतु सकाळच्या फेरीला आलेला डॉक्टर खाटेपाशी उभा राहून परिचारिकेला जो पहिला प्रश्न करतो, तो यकृताविषयी नसतोच. तो विचारतो, “रात्री लघवी किती झाली?” खाटेच्या कडेला टांगलेल्या पारदर्शक मापपात्रासमोर परिचारिका गुडघे टेकून बसते, आपली नजर द्रवाच्या रेषेला समांतर आणते, कारण वरून पाहिले की आकडा फसवतो, आणि कोऱ्या चहासारख्या गडद रंगाचा तो द्रव वाचून तक्त्यावर लिहिते : पंधरा. म्हणजे तासाला पंधरा मिलिलिटर. साठ किलो वजनाच्या माणसाला तासाला निदान तीस मिलिलिटर तरी लघवी व्हावी, अशी वैद्यकाची अपेक्षा असते. आणि म्हणून त्या एका आकड्यासरशी डॉक्टरच्या कपाळावर जी आठी उमटते, तिचा अर्थ भोवती उभ्या असलेल्या आप्तांना उमगत नाही. आजार काळजाचा आणि चौकशी लघवीची, हे काय गौडबंगाल आहे, असे त्यांना वाटत राहते.

काळीज हा शब्द येथे मी बुद्ध्याच वापरला आहे. मराठीत काळीज म्हणजे मुळात यकृतच. पुढे भाषेने त्याच शब्दात माया, धैर्य आणि दुःख यांची साठवण केली, आणि काळीज तुटू लागले, सुपाएवढे होऊ लागले, पिळवटून निघू लागले. मूत्रपिंडाच्या वाट्याला असला काहीच मान आला नाही. खाटकाच्या दुकानातला गुर्दा, एवढीच त्याची लौकिक ओळख. वस्तुतः बंद मुठीएवढ्या ह्या दोन अवयवांकडे हृदयातून निघणाऱ्या एकूण रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा जात असतो, आणि दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळून, त्यातला लिटर-दीड लिटर वगळता बाकीचा सगळा ती शरीराला परत करीत असतात. एवढा मोठा जमाखर्च सांभाळणारे हे खाते, यकृत बिघडले की बहुधा त्याच्या पाठोपाठ बिघडते. ते का बिघडते, खरोखरीच बिघडते की केवळ तसे भासते, आणि यकृतरोपणाच्या आधी, शस्त्रक्रियेच्या वेळी व नंतरच्या कैक वर्षांत त्याची निगा कशी राखावयाची, ह्याचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे योजिले आहे.

ह्या कोड्याचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे. १८६१ साली जर्मनीत फ्रेरिख्स याने आणि १८६३ साली अमेरिकेत ऑस्टिन फ्लिंट याने असे नोंदवून ठेवले, की यकृत कठीण होऊन जलोदर झालेल्या रुग्णांची लघवी अखेरीस आटत जाते, पण मृत्यूनंतर त्यांची मूत्रपिंडे तपासावीत तर त्यांत म्हणण्यासारखा दोष सापडत नाही. पुढे १९५६ साली हेकर आणि शीला शेरलॉक ह्या दोघांनी लंडनमध्ये अशाच रुग्णांचा बारकाईने अभ्यास करून त्यांच्या रक्ताभिसरणातील विकृतीकडे बोट दाखविले. तरीही, जे मूत्रपिंड जिवंतपणी थेंबभर लघवी करीत नव्हते ते निर्दोष होते असे म्हणावयाचे, तर त्याला पुरावा हवा होता, आणि तो पुरावा १९६९ साली अमेरिकेत विलक्षण मार्गाने मिळाला. यकृताच्या विकाराने, आणि त्यामुळे मूत्रपिंडे बंद पडून, मरण पावलेल्या रुग्णांची तीच मूत्रपिंडे कॉपेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काढून घेतली, व ज्यांची स्वतःची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली होती परंतु यकृत धडधाकट होते, अशा दुसऱ्या रुग्णांत बसविली. तेथे ती कामाला लागली. १९७० साली मरे एप्स्टाइन याने त्याच गोष्टीची दुसरी बाजू दाखविली : रुग्ण जिवंत असताना घेतलेल्या क्ष-किरण चित्रांत मूत्रपिंडाच्या ज्या धमन्या आकसून मण्यांच्या माळेसारख्या दिसत होत्या, त्याच मृत्यूनंतर पाहिल्या असता सैल आणि भरलेल्या आढळल्या. शेवटी १९७३ साली इवात्सुकी, टॉमस स्टार्झल प्रभृतींनी असे रुग्ण वर्णिले, की ज्यांचे केवळ यकृत बदलल्याबरोबर मूत्रपिंडे आपण होऊन पूर्ववत चालू झाली. घर बदलले की मूत्रपिंड सुधारते, आणि शेजारी बदलला तरीही सुधारते. तेव्हा दोष मूत्रपिंडाचा नव्हता, त्याला मिळालेल्या शेजाराचा होता.

हे घडते कसे, हे समजण्यास प्रवरा किंवा नीरा यांच्या कालव्यांवरील कोणत्याही शेतकऱ्याला फार सायास पडणार नाहीत. धरण तुडुंब भरलेले असते, मुख्य कालव्याला पाणी सोडलेले असते. पण वरच्या अंगाच्या चाऱ्यांची दारे मोडून पडली असली आणि तेथले बागायतदार उसाला अहोरात्र पाणी लावून बसले असले, तर शेवटच्या चारीवरच्या वाफ्यात चिखलही होत नाही. यकृताला सिरोसिस झाला, म्हणजे त्याचे मऊ द्रव्य जाऊन त्या जागी वणांची जाळी विणली गेली, की आतड्यांकडून यकृताकडे येणाऱ्या मोठ्या शिरेला वाट मिळत नाही, आणि तिच्यातला दाब वाढतो. त्या दाबाच्या परिणामी आतड्यांच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून नायट्रिक ऑक्साइडसारखी द्रव्ये अतोनात स्रवू लागतात व त्या वाहिन्या सैल पडून फुगतात. वरच्या चाऱ्यांची दारे मोडली ती अशी. शरीरात पाणी उदंड असते, पोटात घागरीच्या घागरी साठलेले असते, पायांवर सूज असते. पण धमन्यांतला दाब उतरल्यामुळे शेवटच्या टोकाला बसलेल्या मूत्रपिंडास मात्र अवर्षण पडल्याचा प्रत्यय येतो. मग त्याच्या दप्तरी जे नियम अनादि काळापासून लिहून ठेवलेले आहेत, त्यांबरहुकूम ते वागते : रेनिन नावाचे द्रव्य सोडून साऱ्या शरीराला दवंडी पिटते, मिठाचा कण न् कण आणि पाण्याचा थेंब न् थेंब अडवून धरते, आणि एवढ्याने भागले नाही की स्वतःच्या धमन्याही आवळून घेते. अडविलेले पाणी पुन्हा पोटातच उतरते, आणि दुष्काळाचा बंदोबस्त करता करता पूर वाढत जातो. ह्या अवस्थेला वैद्यकात हेपॅटोरीनल सिंड्रोम म्हणतात. हे मूत्रपिंड आजारी नव्हे, आज्ञाधारक आहे; खोट्या खबरीवर त्याने इमानाने अंमल केला, एवढाच त्याचा अपराध.

परंतु ह्यावरून यकृताच्या रुग्णाचे मूत्रपिंड सदैव निरपराधच असते असे समजून स्वस्थ बसणे म्हणजे दुसऱ्या टोकाची चूक होय. मधुमेहाने वर्षानुवर्षे झिजलेले, ‘ब’ किंवा ‘क’ जातीच्या कावीळ-विषाणूंनी आतून दुखावलेले, किंवा रक्तदाब फार काळ घसरलेला राहिल्यामुळे ज्याच्या नलिकांच्या पेशी खरोखरच मरून गेल्या आहेत, असेही मूत्रपिंड त्याच खाटेवर, त्याच आटलेल्या लघवीनिशी समोर येऊ शकते. पहिले मूत्रपिंड यकृत बदलले की उठून बसणार. दुसरे मात्र यकृत बदलूनही उठणार नाही. यकृतरोपणाच्या सबंध कारभारात मूत्रपिंडाविषयीचा जो खल चालतो, तो सारा ह्या एका प्रश्नाभोवती फिरत असतो : हे रुसले आहे, की मेले आहे?

ह्या चौकशीतला मुख्य साक्षीदार दुर्दैवाने फितूर असतो. मूत्रपिंडाचे काम मोजण्यासाठी रक्तातील क्रिएटिनीन नावाचे द्रव्य तपासण्याची रीत आहे. प्रत्येक शंभर मिलिलिटर रक्तात ते साधारण १.२ मिलिग्रॅमपर्यंत असले तर प्रकृती ठीक, असे अहवालाच्या उजव्या रकान्यात छापलेले असते. परंतु हे द्रव्य निर्माण होते स्नायूंत, आणि त्याचा कच्चा माल जे क्रिएटिन, ते मुख्यत्वे तयार होते यकृतात. ज्याचे यकृत थकले आहे, ज्याचे पोट नगाऱ्यासारखे आणि हातपाय काड्यांसारखे झाले आहेत, त्याच्या रक्तात क्रिएटिनीन मुळातच थोडे. तेव्हा मूत्रपिंड अर्ध्याहून कमी काम करीत असतानाही त्याच्या अहवालावर ०.९ असा निर्मळ आकडा येऊ शकतो. त्यात कावीळ जबर असेल, तर रंग पाहून मोजण्याच्या जुन्या रासायनिक पद्धतीत तो आकडा आणखी खाली उतरतो. म्हणूनच जलोदराचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने २०१५ साली असा दंडक घालून दिला, की छापील मर्यादेकडे न पाहता बदलाकडे पाहावे : अठ्ठेचाळीस तासांत ०.३ ची वाढ, किंवा सात दिवसांत मूळच्या दीडपट पातळी, एवढ्यावरून मूत्रपिंडाला इजा पोहोचू लागली असे धरून चालावे. ०.७ चा १.१ झाला, तर अहवालात एकही आकडा तांबड्या अक्षरांत येत नाही, आणि तरीही ती घटका सावध होण्याची असते.

सावध झाल्यावर पहिले काम औषध देण्याचे नव्हे, काढून घेण्याचे असते. पोटाचे पाणी उतरावे म्हणून दिलेल्या लघवीच्या गोळ्या प्रथम थांबवितात. रक्तदाबाची काही औषधे थांबवितात. मेंदूवरची गुंगी उतरावी म्हणून जे लॅक्ट्युलोजचे गोड सरबत रुग्णाला पाजले जाते, त्याने दिवसाला आठ-दहा जुलाब होऊन शरीर कोरडे तर पडत नाही ना, हे विचारतात. आणि कंबर दुखते म्हणून कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून डायक्लोफिनॅकची गोळी कोणी आणून दिली होती काय, ह्याचीही उलटतपासणी होते. कारण आकसू पाहणाऱ्या मूत्रपिंडाच्या धमन्या ज्या नैसर्गिक द्रव्यांच्या जोरावर कशाबशा उघड्या राहिलेल्या असतात, नेमकी तीच द्रव्ये ही वेदनाशामके बंद पाडतात. निरोगी माणसाला जी गोळी सहज पचते, तीच ह्या रुग्णाची लघवी एका रात्रीत बंद करू शकते.

दुसरे काम पोटातील पाण्याचा नमुना काढण्याचे. त्यात दर घन मिलिमीटरला विशिष्ट प्रकारच्या पांढऱ्या पेशी अडीचशेंहून अधिक सापडल्या, तर तेथे जंतुसंसर्ग झाला असे ठरते. आणि असा संसर्ग मूत्रपिंड बंद पडण्याचे एक अग्रगण्य कारण होय. १९९९ साली स्पेनमधील वैद्यांनी प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगाने ह्या बाबतीत मोठाच धडा दिला. अशा रुग्णांना नुसते प्रतिजैविक दिले तेव्हा शंभरांतील ३३ जणांची मूत्रपिंडे बिघडली. त्याच प्रतिजैविकासोबत अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन शिरेवाटे दिले तेव्हा हे प्रमाण १० वर आले, आणि इस्पितळातील मृत्यूही त्याच मानाने घटले. अल्ब्युमिन पाण्याला रक्तवाहिन्यांत धरून ठेवते. पोटातून पाच लिटरहून अधिक पाणी एका बैठकीत काढावयाचे झाल्यास दर लिटरमागे सहा ते आठ ग्रॅम अल्ब्युमिन भरून देण्याचा प्रघात ह्याच तत्त्वावर पडलेला आहे. मूत्रपिंडाचा कस पाहण्यासाठीही हेच वापरतात : शरीराच्या दर किलोमागे एक ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला वीस टक्के द्रावणाच्या शंभर मिलिलिटरच्या तीन बाटल्या, असे एक-दोन दिवस दिले, आणि लघवी वाढली, तर दुष्काळ खरा होता व तो निवारला, न वाढली, आणि लघवीत प्रथिने, रक्तपेशी असे काही इजेचे चिन्हही न दिसले, तर मग हेपॅटोरीनल सिंड्रोमचे निदान होते.

त्यावरचा उपाय वरच्या चाऱ्यांची मोडलेली दारे लावून घेण्याचा. टर्लिप्रेसिन नावाचे औषध आतड्यांकडच्या सैलावलेल्या रक्तवाहिन्या आवळते, त्यामुळे धमन्यांतला दाब चढतो आणि शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचते. युरोपात आणि आपल्याकडे ते पुष्कळ वर्षे वापरात होते. अमेरिकेने त्याला परवानगी दिली ती उशिरा, २०२२ च्या सप्टेंबरात, कारण २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या तेथील मोठ्या चाचणीत त्याने मूत्रपिंडे सुधारण्याचे प्रमाण १७ वरून ३२ टक्क्यांवर नेले खरे, पण त्याबरोबरच श्वास कोंडून मरण पावणाऱ्यांची संख्याही वाढविली. अल्ब्युमिनच्या बाटल्या चढवून फुप्फुसे आधीच ओली झालेली असताना हे औषध दिले, की असा घात होतो. म्हणून बाटली लावण्यापूर्वी बोटाला प्राणवायूचे मापक लावावे, छातीला नळी लावून ऐकावे, ही साधी खबरदारी आज औषधाइतकीच महत्त्वाची मानतात. टर्लिप्रेसिन नसेल तर अतिदक्षता विभागात नॉरॲड्रिनलिन देतात. हेही चालेनासे झाले की डायलिसिस उरतो, आणि दाब इतका नाजूक असल्यामुळे तो चार तासांत न उरकता, चोवीस तास मंदगतीने चालणाऱ्या यंत्रावर करावा लागतो. परंतु डायलिसिस म्हणजे नदी उतरून जाण्यापुरती होडी होय. पैलतीरावर नवे यकृत वाट पाहात नसेल, तर त्या होडीत रुग्णाला बसवून कोठे न्यावयाचे, हा प्रश्न वैद्याने आणि आप्तांनी मिळून मन घट्ट करून सोडवावयाचा असतो.

नवे यकृत कोणाला आधी द्यावयाचे, ह्या न्यायनिवाड्यातही मूत्रपिंडाने शिरकाव केला आहे. अमेरिकेत फेब्रुवारी २००२ पासून मेयो क्लिनिकमध्ये सिद्ध झालेल्या ‘मेल्ड’ गुणांकानुसार प्रतीक्षायादी लावतात. त्यात मूळचे घटक तीनच, बिलिरुबीन, रक्त गोठण्याचा काळ, आणि क्रिएटिनीन. यकृताच्या परीक्षेत मूत्रपिंडाला गुण का, असे कोणी विचारील. तर यकृताचा रुग्ण किती दिवसांचा सोबती आहे, हे मूत्रपिंडावरून जितके नेमके कळते तितके दुसऱ्या फार थोड्या गोष्टींवरून कळते. मात्र येथेही तो फितूर साक्षीदार आडवा आला. स्त्रियांचे स्नायू कमी, म्हणून क्रिएटिनीन कमी, म्हणून गुण कमी, म्हणून यादीत त्या मागे, असा अन्याय वीस वर्षे चालत राहिला, आणि २०२३ साली सुधारून घेतलेल्या गुणांकात स्त्रियांना वेगळे गुण मिळाले तेव्हा तो काहीसा दूर झाला. आपल्याकडील परिस्थिती निराळी. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली संसदेने केला, तो प्रथम गोवा, हिमाचल प्रदेश व महाराष्ट्र ह्या तीन राज्यांना आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाला, आणि त्याने मस्तिष्कस्तंभाच्या मृत्यूला मान्यता दिली. तथापि आजही भारतातील बहुतेक यकृतरोपणे जिवंत आप्ताने दिलेल्या यकृतखंडावरच होतात. ह्यात दात्याला जोखीम आहे, पण रुग्णाच्या मूत्रपिंडाच्या दृष्टीने एक गुणही आहे : यादीत तिष्ठत न राहता, मूत्रपिंड रुसलेले आहे तोवरच, ते मरण्यापूर्वी, तारीख ठरविता येते. टोरोंटो येथे हेपॅटोरीनल सिंड्रोमच्या रुग्णांचा जो अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला, त्यात रोपणानंतर चौघांपैकी तिघांची मूत्रपिंडे परत आली. पण रोपणापूर्वी डायलिसिसचा जो प्रत्येक अधिक दिवस गेला, त्यागणिक ती परत न येण्याचा धोका सहा टक्क्यांनी वाढत गेला.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर मूत्रपिंडाची खरी कसोटी लागते. शरीराच्या खालच्या अर्ध्या भागाचे रक्त हृदयाकडे नेणारी महाशीर यकृताच्या पाठीतून जाते. स्टार्झल याने १ मार्च १९६३ रोजी डेन्व्हर येथे एका बालकावर जगातील पहिले मानवी यकृतरोपण करून पाहिले, आणि ते बालक रक्तस्रावाने टेबलावरच गेले. तेव्हापासूनच्या मूळ पद्धतीत जुने यकृत काढताना ह्या महाशिरेचा तुकडाही काढीत, व त्यासाठी ती वर आणि खाली चिमट्यांनी बंद करीत. मूत्रपिंडांतून बाहेर पडणाऱ्या शिरा त्या चिमट्यांच्या खालच्या बाजूस. म्हणजे पुढून धमनीचा दाब घसरलेला आणि मागून पाणी तुंबलेले, अशा कोंडीत ती सापडत. पुढे १९८० नंतरच्या दशकात हे रक्त पंपाने बाहेरून वळवून हृदयाकडे नेण्याची युक्ती निघाली. आणि त्याच दशकाच्या अखेरीस महाशीर जागच्या जागी ठेवून, नवे यकृत तिच्यावर पाठुंगळी बसविल्यासारखे जोडण्याची पद्धत रूढ झाली. भूलतज्ज्ञाची तारांबळ मात्र संपत नाही. नव्या यकृताचे रक्त मोकळे करतात त्या क्षणी, त्यात साठलेले थंड, आम्लयुक्त, पोटॅशियमने भरलेले द्रव एकदम हृदयावर येऊन आदळते. निरोगी मूत्रपिंड हे पोटॅशियम मागाहून धुऊन टाकते. बंद पडलेल्या मूत्रपिंडाच्या रुग्णात हृदयच थबकण्याचे भय असते, आणि म्हणून काही ठिकाणी शस्त्रक्रिया चालू असतानाच शेजारी डायलिसिसचे यंत्र फिरत ठेवतात. सोडियमचीही अशीच कथा. महिनोन् महिने पाणी साठवून ज्याच्या रक्तातले सोडियम पातळ झाले आहे, त्याला सलाइनच्या बाटल्यांनी ते एका दिवसात भरून दिले, तर मेंदूतील मज्जातंतूंची वेष्टने उसवतात. तेव्हा दिवसाला आठ-दहा मिलिमोलपलीकडे ते चढू द्यावयाचे नाही, असा कडक दंडक असतो.

आणि आता ह्या कथेतील सर्वांत विपरीत वळण. नवे यकृत आले, खोटी खबर थांबली, मूत्रपिंडाने आपल्या धमन्या सैल सोडल्या, तेवढ्यात त्याच्यावर दुसरा घाला येतो, आणि तो घालणारा शत्रू नसून नव्या यकृताचा अंगरक्षक असतो. परका अवयव शरीराने फेटाळू नये म्हणून जी औषधे द्यावी लागतात, त्यांतील दोन मातीतून आली : नॉर्वेतील हार्डांगरविडा पठारावरून १९६९ साली आणलेल्या मूठभर मातीतल्या बुरशीतून सायक्लोस्पोरिन, आणि जपानमधील त्सुकुबाच्या मातीतल्या जीवाणूंतून १९८४ साली टॅक्रोलिमस. ह्या दोन औषधांनी यकृतरोपणाला प्रयोगशाळेतून उचलून इस्पितळात आणले. परंतु १९७८ साली केंब्रिज येथे रॉय कॅल्न याने सायक्लोस्पोरिन पहिल्यांदा माणसांना दिले तेव्हाच दिसून आले, की ते मूत्रपिंडाला विषारी आहे. आणि टॅक्रोलिमसही त्या दोषातून मुक्त नाही. दोन्ही औषधे मूत्रपिंडाच्या आत रक्त नेणाऱ्या सूक्ष्म धमन्या आवळतात. म्हणजे सिरोसिसने जे केले, तेच आता औषध करू लागते. २००३ साली अमेरिकेतील सुमारे एकोणसत्तर हजार रुग्णांच्या नोंदी तपासून ओजो व सहकाऱ्यांनी दाखविले, की यकृतरोपणानंतर पाच वर्षांत शंभरांतील अठरा जणांची मूत्रपिंडे गंभीररीत्या निकामी होतात.

म्हणून दुबळ्या मूत्रपिंडाच्या रुग्णात हा अंगरक्षक काही दिवस दाराबाहेर उभा ठेवण्याची रीत आता पडली आहे. शस्त्रक्रियेच्या दिवशी आणि चौथ्या दिवशी बॅसिलिक्सिमॅबची सुई देऊन तेवढा अवकाश मिळवितात, मायकोफेनोलेटची जोड देतात, आणि टॅक्रोलिमस उशिरा व कमी मात्रेने सुरू करतात. महिनाभराने जखमा भरून आल्यावर एव्हरोलिमस हे चौथे औषध आणून टॅक्रोलिमसची मात्रा आणखी उतरविता येते. ते त्यापूर्वी दिल्यास जखमा भरत नाहीत आणि यकृताच्या धमनीत गुठळी होण्याचे भय असते. सकाळची गोळी घेण्यापूर्वी रक्त देऊन औषधाची पातळी मोजणे हा मग रुग्णाच्या आयुष्याचा नित्यनेम होतो. ती पातळी किती चंचल असते, ह्याचे एकच उदाहरण पुरे : बुरशीवरचे एखादे औषध, विशिष्ट प्रतिजैविक, किंवा नुसते पपनस खाण्यात आले तरी ती चढते आणि मूत्रपिंडावर भार पडतो, उलट क्षयावरचे रिफाम्पिसिन सुरू केले की ती कोसळते आणि यकृत धोक्यात येते.

काही रुग्णांत मात्र आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर निःसंशय “मेले आहे” असेच येते, आणि तेथे यकृताबरोबर मूत्रपिंडही बदलावे लागते. परंतु प्रत्येक संशयास्पद रुग्णाला दोन्ही अवयव देऊ लागलो, तर केवळ मूत्रपिंडाच्याच प्रतीक्षेत वर्षानुवर्षे डायलिसिसवर काढणाऱ्या दुसऱ्या कोणाचा तरी घास काढून घेतल्यासारखे होते. आणि कित्येकदा रुग्णाचे स्वतःचे मूत्रपिंड जागे होऊन उसने दिलेले वायाच जाते. ह्या पेचातून अमेरिकेने २०१७ च्या ऑगस्टात जो मार्ग काढला, तो शहाणपणाचा वाटतो. दीर्घकाळचा मूत्रपिंडविकार, किंवा सलग सहा आठवडे डायलिसिसवर अथवा तितक्याच वाईट अवस्थेत असलेले मूत्रपिंड, अशा निकषांत बसणाऱ्यालाच दोन्ही अवयव एकदम मिळतात. बाकीच्यांनी प्रथम यकृत घ्यावे, आणि दोन महिन्यांनंतर, वर्षाच्या आत, मूत्रपिंड परत न आल्याचे सिद्ध झाले, तर मूत्रपिंडाच्या यादीत त्यांना अग्रक्रम द्यावा, अशी ती व्यवस्था. एकदम निकाल न देता मूत्रपिंडाला स्वतःची कैफियत मांडण्यास मुदत द्यावयाची, हा तिचा अर्थ. ह्याच पंक्तीत एक दुर्मीळ विकार बसतो, प्रायमरी हायपरॉक्झॅल्युरिया नावाचा. त्यात यकृत दिसावयास निकोप, कावीळ नाही, जलोदर नाही, परंतु एक किण्वद्रव्य नसल्यामुळे ते ऑक्झलेटचा मारा करीत राहते व मूत्रपिंडांत खड्यांचा खच पडतो. तेथे मूत्रपिंड एकटेच बदलले तर नवेही त्याच वाटेने जाते. २०२० साली ह्या विकारावर औषध निघेपर्यंत, मूत्रपिंड वाचविण्यासाठी चांगले दिसणारे यकृत काढून टाकावे लागे.

कालव्यावर पाणी किती सोडले, हे पाटबंधारे खात्याच्या नोंदवहीत पाहावे. पण पोचले किती, हे शेवटच्या चारीवरच्या शेतकऱ्याला विचारावे लागते. हृदयाने किती रक्त लोटले, आतड्यांनी वाटेत किती अडविले, औषधाने काय दिले आणि काय हिरावले, ह्या सगळ्याचा ताळा अखेर खाटेच्या कडेला टांगलेल्या त्या मापपात्रात उतरतो. डॉक्टर यकृताची चौकशी सोडून लघवीची चौकशी करतो असे आप्तांना वाटते. वास्तविक तो यकृताचीच चौकशी करीत असतो, फक्त जो खोटे बोलणार नाही अशाकडे.

यथावकाश रुग्ण घरी जातो, वजन भरून येते, डोळ्यांतला पिवळेपणा मावळतो. रक्तदाबाची गोळी, साखरेवर नजर, लघवीतल्या प्रथिनांची तपासणी, अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर गोळी न आणणे, एवढी पथ्ये त्याला लिहून दिलेली असतात, आणि पहिले वर्षभर तो ती पाळतोही. मग चौथ्या-पाचव्या वर्षी तपासणीला येतो तेव्हा खुर्चीवर आरामात टेकून म्हणतो, “कावीळ नाही, पोट नाही; आता कसली काळजी, डॉक्टर?” डॉक्टर हसून होकार देतो, यकृताचे आकडे असलेले अहवालाचे पहिले पान उलटतो, आणि दुसऱ्या पानावरची क्रिएटिनीनची ओळ मागच्या खेपेच्या ओळीशेजारी धरून पाहतो.